रिकाम्या चौकटीतला चेहरा

६ फेब्रुवारी

छोट्या,

आधी शेवट सांगून टाकते, नाहीतर तू अर्ध्या पत्रातून उठशील आणि गाडी पकडशील. आम्ही दोघं धडधाकट आहोत, ह्यांचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये आहे आणि दुकान उघडं आहे.

परवा दुपारी हे मागच्या खोलीत फ्रेमच्या पट्ट्या कापत होते. मी काउंटरवर काचा पुसत बसले होते. एक माणूस आत आला. मला वाटलं गिऱ्हाईक, म्हणून हात पुसून उठले, तर त्याने चाकू काढला आणि गल्ल्याकडे मान हलवली. मी गल्ला त्याच्यापुढे केला. तेवढ्यात हे बाहेर धावले. त्याने मागे न वळताच कोपराने ह्यांना असं ढकललं की हे काचांच्या मांडणीवर आदळले आणि मनगट मोडलं. पळताना त्याचा खांदा समोरच्या भिंतीला लागला. तू दिलेली ती मोठी नमुन्याची फ्रेम खाली आली, काच फुटली, फोटोवर ओरखडे उठले. मी ती उचलून माळ्यावर टाकून दिली. जमलं की नमुन्याचा दुसरा फोटो पाठव. भिंत बोडकी दिसते.

ह्यांना त्याची फक्त पाठ दिसली. तोंड मी एकटीने पाहिलं. पोलिसांनी चित्रकार आणून बसवला होता. मी सांगत गेले, तो काढत गेला. लांबट चेहरा, वर आलेली गालफडं, जाड अखंड भुवया, शर्टाचं गळ्यापर्यंत लावलेलं बटण. साहेब म्हणाले, बाई, इतकं नेमकं सांगणारा साक्षीदार वर्षातून एखादा मिळतो.

ह्यांचा हात वळेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. आयुष्यभर काच कापलेला हात आहे तो. तो माणूस सापडला पाहिजे, एवढंच मला कळतं.

ताई

१३ फेब्रुवारी

ताई,

पत्र वाचून ही रडली आणि मी डार्करूममध्ये जाऊन बसलो. तिथे कुणी तोंड बघत नाही, हा त्या खोलीचा मोठा फायदा.

पण एका गोष्टीने छाती फुगली, ती सांगायलाच हवी. गळ्याचं बटण! हे कुणाला दिसतं? चाकू पुढे असताना शंभरातल्या नव्व्याण्णवांना स्वतःचं नाव आठवणार नाही. कुठल्या कॉलेजात हे शिकवत नाहीत. मी चेहरे वाचायला शिकलो तो निगेटिव्हवर डोळे फोडून, आणि तू शिकलीस ती माझे फोटो चौकटीत बसवताना. आपल्या घरात एकदा पाहिलेला चेहरा विसरण्याची सोयच नाही.

तेव्हा पोलिसांनी ओळखायला बोलावलं तर डगमगू नकोस. केस बघू नकोस, केस बदलतात. मिशी बघू नकोस. हाड बघ. गालाचं हाड आणि जबडा माणसाला बदलता येत नाही. आणि एकदा बोट दाखवलं की मागे घेऊ नकोस.

नमुना पाठवतो, पण सध्या दोन शाळांचे वर्गफोटो अंगावर आहेत. तोवर भिंतीवर रिकामी फ्रेम टांगू नकोस. रिकामी चौकट खपत नाही, हे मी तुला पहिल्या दिवसापासून सांगत आलोय. आत चेहरा असला की गिऱ्हाइकाला आपलाही चेहरा तिथे दिसतो. भावजींना म्हणावं, डाव्या हाताने जेवायची सवय करा, सासुरवाडीला आलात की उजवा भरपूर चालतो.

तुझा छोट्या

२ मार्च

प्रोफेसरसाहेब,

सापडला. हाड बघितलं, आणि ओळखला.

ते चित्र छापून बसथांब्यांवर लावलं होतं. एका घरमालकाने पाहिलं आणि ठाण्यात कळवलं, हा तर माझा भाडेकरू. लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या शेजारच्या इमारतीतही त्या आठवड्यात काम करत होता म्हणे.

मला ठाण्याच्या मागच्या अंगणात नेलं. भिंतीला पाठ लावून माणसं उभी होती. एक पोट सुटलेला, दोघांच्या मिशा पिकलेल्या, एक इतका पोरसवदा की त्याला अजून दाढी फुटायची होती. साहेब म्हणाले, "सावकाश बघा. घाई नाही. यातला कोणता?" मी एका टोकाकडून निघाले आणि त्याच्यासमोर येताच अंगावर काटा आला. हा चेहरा मी ओळखते. खात्रीने ओळखते. बोट दाखवलं तेव्हा माझा हात थरथरत होता, पण साहेब "शाब्बास" म्हणाले आणि थरथर थांबली. घरी येईपर्यंत तर माझ्या मनात तसूभर शंका उरली नव्हती.

एकच गोष्ट तुला सांगते, कारण तुला बारकावे लागतात. त्याची डावी भुवई मधोमध चिरलेली आहे, जुन्या जखमेसारखी. मी तर अखंड भुवया लिहून दिल्या होत्या. साहेब म्हणाले, त्या गडबडीत एवढं कुठे दिसतं.

तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. आता तो तुरुंगात आहे.

ताई

९ मार्च

ताई,

शाब्बास माझ्याकडूनही घे.

भुवईचं मनावर घेऊ नकोस. मीच तुला सांगतो. भीतीत डोळा मोठा आकार पकडतो, बारीक खूण सोडतो. कॅमेऱ्याचंही तसंच, हात हलला की चेहरा येतो, तीळ जातो. साहेब बरोबर म्हणाले. हाड जुळलं ना, मग बाकी सगळं झूट.

कोर्टात वकील फिरवून फिरवून विचारतील. तू खांबासारखी उभी राहा.

तुझा छोट्या

५ एप्रिल

छोट्या,

तुझं पत्र उशाशी ठेवलंय, पण झोप काही त्याने येत नाही.

काल लिफ्टवाल्याची आई दुकानात आली होती. मी तिला ओळखत नव्हते. म्हटलं, कुठला फोटो मढवायचाय? ती म्हणाली, "फोटो नाही माझ्याकडे. पोरगाच बघायला मिळत नाही, म्हणून तुम्हाला बघायला आले." भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं. एवढंच म्हणाली, "तो त्या दुपारी लिफ्टच्या खड्ड्यात होता. बरोबरची माणसं सांगतात, पण ती त्याची दोस्त, म्हणून त्यांचं कुणी ऐकत नाही. तुम्ही बोलता ते सगळे ऐकतात."

हे आतून ऐकत होते. ती गेल्यावर म्हणाले, "आई आहे ती, असंच म्हणणार." खरंय. पण छोट्या, ओळखीचा चेहरा म्हणजे नक्की काय असतं रे? मी त्याला ओळखते, याची खात्री आजही आहे. पण डोळे मिटून त्याच्या हातात चाकू द्यायला गेले की हात एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा असल्यासारखा वाटतो.

वीस मेला माझी साक्ष आहे. काहीतरी लिही.

ताई

२१ एप्रिल

ताई,

हे पत्र इथेच थांबव. खाली वाचू नकोस. माळ्यावर चढ आणि तो फुटका नमुना खाली काढ. काचा लागतील, जपून. फोटो पुसून उजेडात धर, नीट बघ, आणि मगच पुढे वाच.

बघितलास?

परवा तुझ्यासाठी नवा नमुना काढायला जुनी निगेटिव्ह शोधली आणि छापायला घेतली. रसायनातल्या कागदावर चित्र उमटायला लागलं, आधी कॉलर, मग जबडा, मग डोळे, आणि डाव्या भुवईत मधोमध एक पांढरी चीर. चिमटा हातातून गळून पडला.

मी विसरलो होतो. काही वर्षांपूर्वी एक तरुण अर्जाला लावायचे फोटो काढायला आला होता. मला त्याची गालफडं आवडली. म्हटलं, नमुन्यासाठी बसतोस का, अर्जाचे फोटो फुकट देतो. बसला. शर्टाचं वरचं बटण मी माझ्या हाताने लावलं, नमुना कसा ऐटबाज दिसला पाहिजे. फोटो छापल्यावर भुवईतली ती चीर डोळ्यांत खुपायला लागली, म्हणून बारीक ब्रशने काळी शाई भरून भुवई अखंड केली. तशीच एक लहान प्रत त्याला दिली, मोठी तुझ्या भिंतीवर आली. आणि जाताना त्याला सांगणाराही मीच, की लिफ्टचं काम शिकलायस तर ताईच्या शहरात जा, तिथे उंच इमारती आहेत.

आता तुझं पहिलं पत्र काढ. अखंड भुवया, गळ्याशी बटण. हा जिवंत माणूस नाही, ताई. ही माझी रिटच केलेली प्रत आहे. तुझे डोळे चाकूवर होते. वर पाहिलंस ती त्याच्या खांद्यावरून भिंतीकडे. चोराचं तोंड तू पाहिलंसच नाहीस, किंवा पाहिलंस ते टिकलं नाही, आणि रिकाम्या जागेत रोजचा चेहरा जाऊन बसला. चित्रकाराने माझा फोटो काढला. घरमालकाने त्यातून आपला भाडेकरू ओळखला. आणि अंगणात तू ओळखलास तो तुझ्या भिंतीवरचा शेजारी. कुणीही खोटं बोललं नाही. प्रत्येक जण बरोबर होता आणि निरपराध माणूस आत गेला.

हाड बघ म्हणणारा प्रोफेसर हाडासकट चुकला. बोट मागे घेऊ नकोस असं मी लिहिलं होतं. ते पत्र उशाशी असेल तर फाडून टाक.

घे. बोट मागे घे.

तुझा छोट्या

२८ एप्रिल

छोट्या,

बघितला. माळ्याच्या शिडीवरच बसले किती तरी वेळ. रोज सकाळी फडक्याने ज्याचं नाक पुसत होते, त्यालाच बोट दाखवून आत टाकलं.

ह्यांना दाखवला. हे चिडले. "आता कोर्टात जाऊन काय सांगणार? माझ्या भावाचा ब्रश चुकला म्हणून? लोक म्हणतील पैसे खाल्ले. पोलीस म्हणतील बाई फिरली. आणि ज्याने माझा हात मोडला तो मोकळाच."

मी म्हटलं, "तो आजही मोकळाच आहे. आत आहे तो दुसराच आहे."

रात्री ताट पुढे केलं तर म्हणाले, "त्या आईला काय सांगितलंस?" म्हटलं, काही नाही, अजून तोंड दाखवलं नाही. ह्यांनी मान खाली घातली आणि भात कालवत बसले. खाल्ला मात्र नाही.

लिफ्टवाल्याची वकील एक तरुण बाई आहे. उद्या तिच्याकडे जाते. मी खांबासारखी उभी राहीनच, पण दुसऱ्या बाजूला. मला भीती वाटते रे. चूक केली तेव्हा सगळे शाब्बास म्हणाले होते. आता कोण म्हणणार?

ताई

४ मे

ताई,

निगेटिव्ह, चीर दिसणारी नवी प्रत आणि इथल्या कचेरीत शपथेवर लिहून दिलेला माझा जबाब, सगळं वकीलबाईंना रजिस्टरने पाठवलंय. जबाब लिहून घेणारा कारकून म्हणाला, "एवढ्या बारीक ब्रशची एवढी मोठी हकीकत?" मी म्हटलं, लिहा तुम्ही.

शाब्बास कुणी म्हणो न म्हणो. लहानपणी आपल्या कुत्र्याला बुडवायला निघालेल्या त्या दांडगट पोराच्या पाठीवर तू चप्पल मोडली होतीस, तेव्हाही कुणी म्हटलं नव्हतं. कुत्रं मात्र म्हातारं होऊन मेलं.

तुझा छोट्या

२१ मे

छोट्या,

पेन धरवत नाहीये, पण आज भीतीने नाही.

आधी ह्यांची गोष्ट. तीन आठवडे हे माझ्याशी मोजकंच बोलत होते. साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी मागच्या खोलीतून काच कापल्याचा आवाज आला. मी धावले. हे प्लॅस्टर निघालेल्या त्याच हाताने काचेवर हिरा ओढत होते, दात आवळून. पहिली काच तडकली. दुसरी सरळ तुटली, अगदी पूर्वीसारखी. दोन फोटोंची एक फ्रेम केली होती ह्यांनी, डावीकडे ओरखडलेली जुनी प्रत, उजवीकडे वकीलबाईंकडून आणलेली तुझी नवी. मला म्हणाले, "न्यायाधीशाला दाखवायचं तर नीट मढवून दाखवावं. सुटे कागद घेऊन काय जातेस?" आणि काल कोर्टात ती फ्रेम स्वतः काखेत मारून आले.

आता माझं. वकीलबाईंनी विचारलं, मी सगळं सांगितलं. अंगण, पिकलेल्या मिशा, शाब्बास, माळा, शिडी. मग सरकारी वकील उठले. उंच, गोड बोलणारे. म्हणाले, "बाई, तेव्हा तुमची शंभर टक्के खात्री होती. आज किती टक्के?"

मी म्हटलं, "आजही शंभर टक्के. हा चेहरा त्या दुपारी माझ्या दुकानात होता. फक्त तो भिंतीवर होता."

मागे कुणीतरी हसलं. ह्यांनी फ्रेम पुढे दिली. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. लिफ्टवाल्याला फ्रेमशेजारी उभं केलं. एका चौकटीत दोन भुवया, एक अखंड, एक चिरलेली, आणि शेजारी चिरलेली भुवई घेऊन उभा असलेला जिवंत माणूस. माझी पहिली जबानी वाचून दाखवली. अखंड भुवया. गळ्याशी बटण. प्रत्येक शब्दाला न्यायाधीशांची नजर जुन्या फोटोवर जात होती, माणसावर नाही.

सरकारी वकिलांनी धीर सोडला नाही. "मग खरा चोर दिसायला कसा होता?"

"माहीत नाही."

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतं," मी म्हटलं. "मला विचारलं, यातला कोणता. यातला कुणी आहे का, असं विचारलंच नाही. रांगेत उभं केलंय म्हणजे असणारच, असं मी धरून चालले, आणि सगळ्यांत ओळखीचा उचलला."

न्यायाधीशांनी हे वाक्य लिहून घेणाऱ्याला पुन्हा वाचायला लावलं. तो वाचत होता आणि छोट्या, मला तो आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटत होता, कुणा शहाण्या बाईचा. मग लिफ्टच्या खड्ड्यात त्याच्याबरोबर असलेल्या दोघांची साक्ष झाली. तेच दोघं, तीच गोष्ट, पण आता सगळे कान देऊन ऐकत होते. संध्याकाळी निकाल दिला. सोडला.

ठाण्याचे ते साहेब जिन्यात भेटले. मी वाट सोडून उभी राहिले. ते थांबले, म्हणाले, "पुढच्या वेळी प्रश्न वेगळा विचारीन." शाब्बास नाही म्हणाले, पण मला हे जास्त आवडलं.

आणि बाहेर ती आई होती. माझा हात धरून उभी राहिली. हे आपले फ्रेम सांभाळत मागे उभे, जणू आत मौल्यवान काहीतरी आहे. होतंच म्हणा.

ताई

२७ मे

ताई,

पत्र हिला मोठ्याने वाचून दाखवलं, मग शेजाऱ्यांना, मग स्टुडिओत आलेल्या एका बिचाऱ्याला, जो फक्त अर्जाचे फोटो न्यायला आला होता. भिंतीवर होता! ताई, मी इतकी पुस्तकं आपली आपण वाचली, पण असं वाक्य मला जन्मात सुचलं नसतं. भावजींना म्हणावं, पहिली काच तडकली ती हिशेबात धरत नाहीत.

ब्रश टाकून दिलेला नाही, पोट त्यावर चालतं. पण आता गिऱ्हाइकाला आधी विचारतो, चेहऱ्यावरची खूण ठेवू की काढू? बहुतेक जण ठेवा म्हणतात. याचं मला फार आश्चर्य वाटतं.

तुझ्या भिंतीसाठी नवा नमुना तयार आहे. या वेळी समुद्र. लाटेवर कुणी आळ घेणार नाही. पाठवू?

तुझा छोट्या

१० जून

छोट्या,

समुद्र ठेव तुझ्याकडेच. का ते सांगते.

काल लिफ्टवाला आला होता. दारात उभा राहिला तेव्हा मी फडकं ठेवून उठले, पण माझ्याआधी हे पुढे झाले आणि म्हणाले, "या, आत या, तुम्हाला इथे जागा माहीत आहेच." तोही हसला. हसला की त्याची चिरलेली भुवई वर जाते, हे फोटोत दिसत नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, "तुमच्या भावाला एकच सांगा. मला तेव्हा वाटलं होतं, भुवई भरलेला फोटो छान आलाय, पण आईला पाठवायला लाज वाटली. म्हणाली असती, हा कोण?" त्याला उजवीकडची प्रत हवी होती, चीर असलेली, आईसाठी. ह्यांनी लगेच मढवून दिली. काच एका झटक्यात तुटली, आणि मुद्दाम त्याच्यासमोर कापली, हे मला कळलं.

तो गेला, जुनी प्रत मी काढून ठेवली आणि कोर्टात नेलेली ती मोठी चौकट रिकामी उरली. ती मी भिंतीवर तशीच टांगली. आत काही नाही, मागे आमची भिंत. ह्यांनी तुझ्या आवाजात म्हटलं, "रिकामी चौकट खपत नाही."

आज सकाळी एक बाई आल्या. बराच वेळ त्या चौकटीसमोर उभ्या राहिल्या. मी विचारलं, कुठला फोटो लावायचाय? म्हणाल्या, "ते अजून ठरवलं नाही. आधी नीट बघते, मग ठरवते."

खपली, प्रोफेसर. पहिल्याच दिवशी खपली. हे दुसरी करायला बसलेत.

ताई